फिजिक्सचं न्यूमरिकल अडलं की: मांडणी, तपासणी आणि मदत कशी मागायची

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली चोपडा, शहादा, साक्री, पारोळ्याकडची मुलं अकरावी सायन्सला आली की पहिल्यांदा अडतात ती फिजिक्सच्या न्यूमरिकलपाशी. थिअरी पाठ होते, फॉर्म्युल्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, वर्गात सरांनी सोडवलेलं गणित समजतंही. घरी त्याच प्रकारचं दुसरं गणित समोर आलं की मात्र पेन जागचं हलत नाही. फॉर्म्युला आठवत नाही म्हणून असं क्वचितच होतं. गाडं बहुतेक वेळा त्याच्या अलीकडेच अडलेलं असतं: वाक्यांचं चित्र झालेलं नसतं, धन-ऋण दिशा ठरलेली नसते, किंवा आपण कोणत्या वस्तूबद्दल लिहितोय हेच नक्की नसतं. म्हणून या लेखात भर मांडणीवर आहे. मांडणी करूनही अडलं, तर कुठल्या ओळीवर बोट ठेवून मदत मागायची तेही सांगितलं आहे.

फॉर्म्युल्याच्या आधी

प्रश्न पूर्ण वाचा आणि शेवटचं वाक्य दुसऱ्यांदा वाचा. काय काढायचं आहे ते बहुतेक वेळा शेवटच्याच वाक्यात असतं. ते कच्च्या वहीत सगळ्यात वर लिहा: ‘शोधायचं: पाण्यापर्यंत लागणारा वेळ’. मग चित्र काढा. चित्र सुंदर नसलं तरी चालेल, पण हाताच्या तळव्याएवढं मोठं हवं, कारण त्यावर बाण आणि आकडे लिहायचे असतात. कोपऱ्यातल्या नखाएवढ्या चित्रावर बाण एकमेकांत मिसळतात आणि चिन्हं चुकतात.

पुढचं काम लपलेले आकडे बाहेर काढण्याचं. प्रश्न इंग्रजीत असतो आणि त्यातले काही साधे शब्द आपल्याला माहिती देत असतात. ‘फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘ड्रॉप्ड’ म्हणजेही शून्यच, पण वर जाणाऱ्या फुग्यातून किंवा हेलिकॉप्टरमधून वस्तू सोडली असेल तर तिचा सुरुवातीचा वेग त्या फुग्याचा किंवा हेलिकॉप्टरचाच असतो. इथे शून्य घेऊन हमखास मार्क जातात. ‘स्मूथ’ म्हणजे घर्षण धरू नका. ‘लाइट’ दोरी म्हणजे दोरीचं वस्तुमान सोडून द्या. पुली स्मूथ असेल तर त्या दोरीतला ताण दोन्ही टोकांना सारखा. ‘इनएक्स्टेन्सिबल’ म्हणजे दोरी ताणली जात नाही, म्हणून तिच्या दोन टोकांना बांधलेल्या वस्तूंचं त्वरण सारखं. ‘कॉन्स्टंट व्हेलॉसिटी’ वाचलं की लगेच लिहा: एकूण बल शून्य. आणि ‘जस्ट’ हा शब्द दिसला तर थांबा. ‘जस्ट बिगिन्स टू स्लाइड’ म्हणजे स्थितिक घर्षण (वस्तू अजून घसरत नसतानाचं) आपल्या कमाल मर्यादेला पोहोचलं आहे, ‘जस्ट लीव्हज द सरफेस’ म्हणजे नॉर्मल रिअॅक्शन (पृष्ठभागानं लंब दिशेत लावलेलं बल) शून्य झाली आहे. हा शब्द वगळून वाचला तर एक समीकरण कमी पडतं आणि गणित अपुरं वाटू लागतं.

मग एककं. आकडे फॉर्म्युल्यात घालण्याआधी सगळे मीटर, किलोग्रॅम, सेकंदात आणा, नंतर नाही. किलोमीटर प्रतितासाला ५/१८ ने गुणलं की मीटर प्रतिसेकंद मिळतात. १८ चे ५, ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २० आणि ९० चे २५ हे तोंडपाठ असू द्या. बहुतेक गणितं यातलाच आकडा वापरतात. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, १ क्विंटल म्हणजे १०० किलो, १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १०,००० ने भागायचं. १०० ने भागण्याची चूक बारावीतही सुटत नाही.

गुरुत्वत्वरण ९.८ घ्यायचं की १०? प्रश्नात दिलं असेल ते घ्या, नसेल तर ९.८. जळगाव-धुळ्याच्या अक्षांशावर त्याची खरी किंमत ९.७९ च्या आसपास आहे, म्हणजे ९.८ अगदी जवळ बसतं. १० घेतल्यानं सुमारे २ टक्के फरक पडतो. पुढच्या उदाहरणांत जिथे आकडे सोपे राहावेत तिथे १० घेतलं आहे आणि तसं सांगितलंही आहे.

विहिरीवरून वर फेकलेला दगड

हे उदाहरण नीट समजलं तर कायनेमॅटिक्समधली (गतीच्या प्रकरणातली) निम्मी भीती जाते, म्हणून इथे जरा रेंगाळू.

विहिरीच्या काठावरून एक दगड १५ मीटर प्रतिसेकंद वेगानं सरळ वर फेकला. खाली येताना तो काठाला न लागता विहिरीत गेला. पाण्याची पातळी काठापासून २० मीटर खाली आहे. दगड किती वेळानं पाण्याला लागेल? गुरुत्वत्वरण १० घ्या.

चित्रात विहीर, काठ, पाणी काढा. काठाच्या ठिकाणी शून्य लिहा. बाजूला वर जाणारा एक बाण काढून त्यावर अधिकचं चिन्ह करा. हा बाण म्हणजे तुमचा शब्द. एकदा दिला की गणित संपेपर्यंत मोडायचा नाही. वरची दिशा धन, म्हणून सुरुवातीचा वेग +१५. गुरुत्व खाली ओढतं, म्हणून त्वरण −१०, दगड वर जात असतानाही आणि खाली येत असतानाही. पाणी शून्याच्या खाली आहे, म्हणून विस्थापन −२०.

एस = यू × टी + अर्धा × ए × टी वर्ग, यात (एस विस्थापन, यू सुरुवातीचा वेग, ए त्वरण, टी वेळ) किमती घातल्या की:

−२० = १५ टी − ५ टी वर्ग

सगळं एका बाजूला आणून ५ ने भागलं की टी वर्ग − ३ टी − ४ = ०. अवयव पाडले: (टी − ४)(टी + १) = ०. म्हणून टी = ४ सेकंद.

आता चुका. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे विस्थापन +२० घेणं. ‘अंतर २० मीटर’ वाचलं आणि २० लिहून टाकलं. मग समीकरण होतं टी वर्ग − ३ टी + ४ = ०, आणि वर्गमुळाखाली ९ − १६, म्हणजे −७ येतात. इथे बरीच मुलं गणित चुकीचं छापलंय म्हणून सोडून देतात. खरं तर समीकरणानं बरोबर उत्तर दिलेलं असतं. आपण त्याला विचारलं, दगड काठाच्या वर २० मीटरला कधी पोहोचेल? १५ च्या वेगानं फेकलेला दगड जास्तीत जास्त १५ × १५ ÷ २० म्हणजे ११.२५ मीटर वर जातो. २० मीटरला तो कधीच पोहोचत नाही, आणि वर्गमुळाखालची ऋण संख्या तेच सांगते.

दुसरी चूक चढण आणि उतरण यांत चिन्ह बदलण्याची: दगड वर जाताना त्वरण −१० आणि खाली येताना +१०. तुमचा धन दिशेचा बाण बदललेला नाही, गुरुत्वाची दिशाही बदललेली नाही, मग चिन्ह बदलण्याचं कारणच उरत नाही. वेगाचं चिन्ह मात्र बदलतं. पाण्याला लागताना वेग = १५ − १० × ४ = −२५. ऋण चिन्ह म्हणजे खाली.

टी = −१ हे उत्तर आपण टाकून दिलं, पण त्यालाही अर्थ आहे. हाच दगड कोणी १ सेकंद आधी पाण्याच्या पातळीवरून २५ च्या वेगानं वर फेकला असता, तर तो काठाशी बरोबर १५ च्या वेगानं आला असता. परीक्षेत हे लिहायची गरज नाही, पण ‘काळ ऋण असू शकत नाही’ एवढंच पाठ करण्यापेक्षा हे समजून घेतलेलं चांगलं.

पडताळा दुसऱ्या वाटेनं घ्या. वर जायला १.५ सेकंद, उंची ११.२५ मीटर. तिथून पाण्यापर्यंत ३१.२५ मीटर पडायचं आहे: ३१.२५ = ५ टी वर्ग, टी = २.५ सेकंद. १.५ + २.५ = ४. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात. दिशेची भीती वाटत असेल तर सुरुवातीला याच पद्धतीनं सोडवलं तरी हरकत नाही, मात्र एका दमात सोडवायची सवय पहिल्या सहामाहीतच लावून घ्या. प्रोजेक्टाइलमध्ये (तिरकस फेकलेल्या वस्तूच्या गणितात) तीच लागते.

जाता जाता सरासरी वेगाचा एक सापळा. जळगावहून धुळ्याला जाताना बसचा वेग ताशी ६० आणि येताना ४०, तर सरासरी ५० नाही, ४८. हळू चालण्यात जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी ४० कडे झुकते. अंतर दिलेलं नसेल तर १२० किलोमीटर धरा: जायला २ तास, यायला ३, एकूण २४० किलोमीटर ५ तासांत.

बलाची गणितं: एका वेळी एकच वस्तू

न्यूटनच्या नियमांवरच्या गणितात फ्री बॉडी डायग्राम काढला नाही तर पुढे जाऊच नका. पद्धत अशी. ज्या वस्तूबद्दल लिहायचं ती एकटी काढा, साध्या चौकोनासारखी. तिला कोण स्पर्श करतंय ते मोजा: जमीन, दोरी, फळी, हात, हुक. प्रत्येक स्पर्शाचं बल काढा, जमिनीचं किंवा फळीचं काढताना नॉर्मल आणि घर्षण असे दोन बाण वेगळे. स्पर्श न करता ओढणारी फक्त पृथ्वी, तिचा एक बाण खाली. बस्स. यापलीकडे बाण नसतो. ‘गतीचं बल’, ‘पुढे जाण्याचं बल’ असा बाण काढावासा वाटला तर स्वतःला विचारा, हे बल कोण लावतंय? नाव सांगता आलं नाही तर तो बाण खोडा.

उदाहरण: ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या आहेत. पहिली २,००० किलोची, दुसरी ३,००० किलोची. रस्त्याचा विरोध पहिलीवर ४०० न्यूटन, दुसरीवर ६०० न्यूटन. ट्रॅक्टर ०.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणानं निघाला. दोन ट्रॉल्यांमधल्या हुकवर किती ताण आहे?

कोणती वस्तू निवडायची हा इथला खरा प्रश्न आहे. मागच्या ट्रॉलीभोवती पेन्सिलनं एक रेघ फिरवा. आडव्या दिशेत त्या रेघेला छेदून आत येणारी बलं दोनच: पुढे ओढणारा मधल्या हुकचा ताण आणि मागे ओढणारा ६०० न्यूटनचा विरोध. ट्रॅक्टर या ट्रॉलीला स्पर्शही करत नाही, त्यामुळे त्याचं बल इथे येत नाही. म्हणून ताण − ६०० = ३,००० × ०.५, ताण = २,१०० न्यूटन.

ट्रॅक्टरच्या हुकचा ताण हवा असेल तर रेघ दोन्ही ट्रॉल्यांभोवती फिरवा. वस्तुमान ५,०००, विरोध १,०००, ताण = २,५०० + १,००० = ३,५०० न्यूटन. मधल्या हुकचा ताण आता रेघेच्या आत गेला, म्हणून तो लिहायचा नाही. पडताळ्यासाठी पहिली ट्रॉली एकटी घ्या: ३,५०० पुढे, ४०० आणि २,१०० मागे, उरले १,००० न्यूटन, आणि २,००० × ०.५ हेही १,०००. जुळलं.

इथे तिसऱ्या नियमाची जुनी शंका येते. बैल गाडीला जेवढ्या बलानं ओढतो तेवढ्याच बलानं गाडी बैलाला मागे ओढते, मग गाडी हलते कशी? उत्तर त्याच रेघेत आहे. ही दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत, एकाच चौकोनावर दोन्ही कधीच येत नाहीत. गाडीभोवती रेघ काढली तर पुढे बैलाची ओढ, मागे चाकांचा विरोध. ओढ मोठी असेल तर गाडी निघते. बैल पुढे जातो तो खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते म्हणून. ओल्या काळ्या मातीत खूर घसरले की हे पुढे रेटणारं घर्षणच कमी पडतं.

आता उतरणीचं गणित. रुईची १७० किलोची गाठ ३० अंश उताराच्या फळीवरून खाली सोडली. गतिक घर्षणाचा गुणांक ०.४. त्वरण किती?

अक्ष फळीच्या दिशेत आणि फळीला लंब घ्या. आडवे-उभे अक्ष घेतले तरी उत्तर येतं, पण काम दुप्पट होतं. वजन १७० × ९.८ = १,६६६ न्यूटन. फळीच्या दिशेतला भाग साइन ३० नं: ८३३ न्यूटन. फळीला लंब भाग कॉस ३० नं: १,४४३ न्यूटन. नॉर्मल १,४४३, म्हणून घर्षण ०.४ × १,४४३ = ५७७ न्यूटन, फळीवरून वरच्या दिशेनं. उरलं २५६ न्यूटन, त्याला १७० नं भागलं की सुमारे १.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग.

साइन कुठे आणि कॉस कुठे हा गोंधळ पाठांतरानं सुटत नाही. कोन मनात शून्य करून बघा. फळी आडवी झाली तर गाठ स्वतःहून घसरणार नाही, म्हणजे फळीच्या दिशेतला भाग शून्य झाला पाहिजे. शून्य अंशाला साइन शून्य होतो, कॉस नाही. प्रश्न सुटला. ही युक्ती कुठल्याही कोनाच्या गणितात चालते.

याच गणितात एक बारीक जागा आहे. समजा गाठ फळीवर नुसती ठेवली आहे आणि स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.७ आहे. तर घर्षण किती? झटकन ०.७ × १,४४३ = १,०१० न्यूटन असं उत्तर दिलं जातं. पण खाली ओढणारं बल ८३३ च आहे. घर्षण खरोखर १,०१० असतं तर गाठ आपोआप फळी चढू लागली असती! स्थितिक घर्षण गरजेपुरतंच असतं, इथे ८३३ न्यूटन. १,०१० ही फक्त त्याची कमाल मर्यादा आहे. गुणांक × नॉर्मल हे सूत्र दोनच ठिकाणी लावायचं: वस्तू घसरत असेल तेव्हा, किंवा प्रश्नात तो ‘जस्ट’ असेल तेव्हा.

पंपाचं गणित

कार्य-ऊर्जा-शक्तीच्या प्रकरणात पंपाचं गणित ठरलेलं असतं, आणि यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात तर ते रोज डोळ्यांसमोर चालू असतं. ५ एचपीची मोटर ६० मीटर खालून पाणी उपसते, पंपाची एकूण कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर सेकंदाला किती लिटर पाणी वर येईल?

५ × ७४६ = ३,७३० वॅट. त्यातले उपयोगी निम्मे, १,८६५ वॅट. दर सेकंदाला वर येणारं वस्तुमान × ९.८ × ६० = १,८६५, म्हणून वस्तुमान ३.१७ किलो, म्हणजे सेकंदाला ३.१७ लिटर. हजार लिटरची टाकी भरायला साधारण सव्वापाच मिनिटं.

घोळ दोन ठिकाणी होतो. एक, ६० मीटर म्हणजे काय? पाण्याची पातळी ते पाणी बाहेर पडण्याची जागा यांतली उभी उंची. शेतातून आडव्या गेलेल्या पाइपची लांबी यात मिळवायची नाही. दोन, कार्यक्षमतेनं गुणायचं की भागायचं? मोटर दिली असेल आणि पाणी विचारलं असेल तर गुणा. पाणी दिलं असेल आणि मोटर विचारली असेल तर भागा. उत्तर बघून खात्री करा: लागणारी मोटर ही उपयोगी शक्तीपेक्षा नेहमी मोठीच यायला हवी. उन्हाळ्यात पातळी ९० मीटरवर गेली आणि बाकी सगळं तेच धरलं तर पुन्हा पहिल्यापासून सोडवू नका. उंची दीडपट, म्हणून पाणी दीडपटीनं कमी: ३.१७ ÷ १.५, सेकंदाला सुमारे २.१ लिटर.

उत्तर पुस्तकाशी जुळत नसेल तर

आधी उत्तराकडे नुसतं बघा. एसटी ताशी ७२ किलोमीटर वेगात होती, ब्रेक लावल्यावर ५० मीटरवर थांबली. ७२ तसाच घातला तर मंदन ५१.८ येतं, गुरुत्वाच्या पाचपटीहून जास्त; असा ब्रेक कुठल्याच बसला नसतो. ७२ चे २० केले तर ४ येतं, आणि ते पटण्यासारखं आहे.

तरीही चूक सापडत नसेल तर एक फार कामाची गोष्ट करा: तुमचं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर यांचा भागाकार करा, मोठ्याला लहानानं भागा. तो आकडाच बऱ्याचदा चुकीचं नाव सांगतो. ३.६ आला तर किलोमीटर प्रतितासाचं रूपांतर राहिलं, १२.९६ आला तर तेच, पण वेगाचा वर्ग झाल्यावर. ९.८ आला तर वस्तुमान आणि वजन यांची अदलाबदल झाली. २ आला तर कुठेतरी अर्धा सुटला, किंवा व्यासाला त्रिज्या समजलात. त्रिज्येचा वर्ग असेल तर ४. कोन ३० किंवा ६० असून १.७३ आला तर साइन-कॉस उलटे. १,००० आला तर ग्रॅम-किलो. १.०२ आला तर निश्चिंत राहा, पुस्तकानं ९.८ आणि तुम्ही १० घेतले आहेत किंवा उलट. आकडा तोच, फक्त चिन्ह वेगळं असेल तर धन दिशेचा बाण पुन्हा बघा. घरी मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरनं साइन ३० चं उत्तर −०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे, डिग्रीवर आणा.

यातलं काहीच बसलं नाही तर मांडणीत गडबड आहे. आकडेमोड पुन्हा करत बसण्यात अर्थ नाही. नवीन पानावर चित्रापासून सुरुवात करा.

मदत मागताना

एका गणितावर वीस-पंचवीस मिनिटं प्रामाणिकपणे घालवली, चित्र झालं, एककं झाली, आणि तरी पुढचं दिसत नाही, ही मदत मागायची योग्य वेळ. दोन मिनिटांत विचारलं तर शिकायला काही उरत नाही, आणि दोन दिवस तसंच अडून बसलं तर विषयाचाच कंटाळा येतो.

‘सर, हे गणित येत नाही’ असं विचारलं की सर ते गणित अथपासून इतिपर्यंत सोडवून देतात. ते बघताना सगळं सोपं वाटतं आणि नेमका आपला अडथळा कुठे होता ते तसंच राहतं. त्याऐवजी विचारायचा मजकूर असा असू द्या:

‘सर, स्वाध्यायातला प्रश्न ७. काठावरून दगड वर फेकला आहे. वरची दिशा धन घेतली. यू = १५, ए = −१०, एस = २० घातले. वर्गमुळाखाली −७ येतात. एस चं चिन्ह चुकतंय का?’

यात सरांना एका वाक्यात उत्तर देता येतं, आणि ते एक वाक्य तुमच्या कायमचं लक्षात राहतं. गंमत म्हणजे असा मजकूर लिहिता लिहिताच अनेकदा चूक आपली आपल्याला सापडते.

भुसावळ-जळगाव किंवा शिरपूर-धुळे अपडाऊन करणाऱ्यांना कॉलेज सुटल्यावर थांबता येत नाही, गाडी गाठायची असते. सरांची किंवा मॅडमची हरकत नसेल तर त्यांना फोटो पाठवा, पण तो वाचता येईल असा. वही सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात, मोबाइलची सावली पानावर पडू न देता. छापील प्रश्न आकृतीसकट पूर्ण यायला हवा, आणि तुमच्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक द्या, म्हणजे ‘ओळ ३ बघ’ एवढंच उत्तर पुरतं. अर्धा प्रश्न कापलेला फोटो आला की समोरच्याचा वेळ अंदाज बांधण्यात जातो. पुढच्या वर्षाच्या दादा-ताईंनाही असंच विचारा. ही प्रकरणं त्यांची नुकतीच झालेली असल्यामुळे कुठे पाय घसरतो ते त्यांना ताजं आठवत असतं.

तीन-चार जणांनी मिळून अभ्यास करत असाल तर एकानं सोडवायचं आणि बाकीच्यांनी उतरवायचं असं करू नका. आधी प्रत्येकानं आपापलं चित्र काढायचं, मग चारही चित्रं शेजारी ठेवायची. फरक तिथेच दिसतो. समजावून सांगताना अहिराणी किंवा लेवा बोलीत बोला, संकोच नको. ज्याला आपल्या बोलीत ‘गुरुत्व वर जातानाही खालीच ओढतं’ हे पटवून देता येतं, त्याला ते समजलं आहे. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, म्हणून शेवटची मांडणी तेवढी इंग्रजीत लिहून काढा.

गाइडमधलं किंवा मोबाइलवर मिळालेलं तयार उत्तर वापरायचं असेल तर कोऱ्या कागदानं झाकून घ्या. फक्त पहिली ओळ उघडा, झाका, आणि तिथून स्वतः पुढे जा. पुन्हा अडलं तरच दुसरी ओळ. मोबाइलवरची उत्तरं मांडणीत चुकलेलीही असतात, त्यामुळे एककं आणि चिन्हं आपल्या चित्राशी ताडून बघा. उतरवून घेतलेलं गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर, काही न बघता सोडवा. सुटलं तर त्यातला एक आकडा बदलून पुन्हा सोडवा: विहिरीत पाणी २० ऐवजी ५० मीटर खाली असेल तर? (उत्तर ५ सेकंद.)

लॉग टेबलची सवय

बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. वर्षभर मोबाइलवर आकडेमोड करून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लॉग टेबल उघडलं तर मांडणी बरोबर असूनही मार्क जातात. आठवड्यातली निदान चार-पाच गणितं टेबलवरच करा.

वरचंच दगडाचं गणित ९.८ घेऊन केलं तर वर्गमुळाखाली ६१७ येतात. लॉग ६१७ = २.७९०३. निम्मे १.३९५२. अँटीलॉग बघताना फक्त .३९५२ बघायचं, २४८४ मिळतं. पूर्णांक भाग १, म्हणून दशांशचिन्हाआधी दोन अंक: २४.८४. मग टी = (१५ + २४.८४) ÷ ९.८ = ४.०७ सेकंद.

एकापेक्षा लहान संख्येत गडबड होते ती बारमुळे, म्हणजे लॉगच्या ऋण पूर्णांक भागावर काढतात त्या रेघेमुळे. ०.००३१७ चं वर्गमूळ घ्या. लॉग आहे बार ३ आणि .५०११. याला सरळ २ नं भागून ‘बार १.५’ लिहिलं की पुढचं सगळं चुकतं, कारण बार फक्त पूर्णांक भागावर असतो, दशांश भाग धनच असतो. बार ३ ला २ नं भाग जात नाही, म्हणून त्याचं बार ४ अधिक १ करा. मग बार ४ चे निम्मे बार २, आणि १.५०११ चे निम्मे .७५०६. अँटीलॉग ५६३१. बार २ म्हणजे दशांशचिन्हानंतर एक शून्य: ०.०५६३१. पडताळ्यासाठी ०.०५६३ ला त्यानंच गुणा, ०.००३१७ परत मिळतात.